‘मूनचाइल्ड’ मालिकेला तारे देणाऱ्या चाहत्यांना खुले पत्र

रसिकहो,

अमेरिकी संगीतकार आणि सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्नच्या ‘मूनचाइल्ड’ या जॅझ-मेटल मालिकेत २००६ ते २०१४ या काळात सात अल्बम निघाले, सगळे त्याच्या स्वतःच्या त्झाडिक या लेबलवर. त्यांची क्रमवारी लावणे हा या संगीताच्या चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. कुणी ‘ॲस्ट्रोनोम’ डोक्यावर घेतो, कुणी ‘द क्रूसिबल’च्या पुढे काही ऐकायला तयार नसतो, कुणी पाचांपैकी अर्धा तारा देऊन ‘नुसता आरडाओरडा’ एवढीच नोंद करून मोकळा होतो. मतभेद असू देत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. अडचण ही आहे की या मतांवरून नव्या श्रोत्याला काहीही कळत नाही. कुठल्या वादकसंचाबद्दल बोलणे चालले आहे, कशावर ऐकले, सलग ऐकले की तुकड्यांनी, यातले एकही त्यात नसते. आणि बहुतेक वेळा गुण अल्बमला मिळतच नाहीत, ते मालिकेचा गायक माइक पॅटनच्या घशाला मिळतात.

तेव्हा आधी घशाचे बघू. पॅटनला लोक ओळखतात ते फेथ नो मोर, मिस्टर बंगल आणि फँटोमास या बँडमुळे. तिथून आलेला श्रोता साहजिकच गाणे शोधतो. मालिकेच्या पहिल्या अल्बममध्ये त्याला धाप, कुजबुज, घोगरी गुरगुर, किंचाळी, जिभेचे टकटक आवाज एवढेच सापडते, शब्द नाहीत. मग मत दोन टोकांना जाते: एक तर ‘पॅटन देव आहे’, नाहीतर ‘पॅटन वाया गेला’. दोन्ही मतांत बाकीचे दोघे गायब असतात. खरे पाहता या संगीताचा कणा ट्रेव्हर डनचा बेस (खर्जातली गिटार) आणि जोई बॅरनचे ड्रम्स हा आहे. आवाज हे तिसरे वाद्य. रचना झॉर्नच्या आहेत, आणि पहिल्या दोन अल्बमांत तो स्वतः एक सूरही वाजवत नाही.

हे पटत नसेल तर एक साधा प्रयोग करा. पहिल्या अल्बममधला कुठलाही ट्रॅक तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बेसच्या मागे जा आणि रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) कुठे संपते, किती आवर्तनांनी बदलते, ते बोटांवर मोजा. दुसऱ्यांदा फक्त स्नेअर (ड्रम्समधला कडकडीत वाजणारा छोटा ढोल) आणि झांजा ऐका. तिसऱ्यांदा आवाज. तिसऱ्या फेरीत लक्षात येईल की ज्याला आपण झटका आल्यासारखा ओरडा समजत होतो तो रिफच्या आघातावर नेमका बसलेला आहे. तिघेही एकाच ठोक्यावर थांबतात, एकाच ठोक्यावर पुन्हा सुटतात. असे थांबणे आयत्या वेळी सुचत नाही. म्हणून ‘सगळे उत्स्फूर्त आहे’ हे वाक्य कृपया सरसकट वापरू नका. मोकळ्या जागा आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या भिंती आहेत.

दुसरी नेहमीची चूक गिटारची. पहिल्या अल्बमवरच्या प्रतिक्रियांत ‘जबरदस्त गिटार रिफ’ हे शब्द हमखास येतात. त्यावर नेहमीची गिटार नाहीच. ‘ॲस्ट्रोनोम’वरही नाही. जे ऐकू येते तो डनचा डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारी सोय) लावलेला बेस आहे. फसगत का होते त्याचे कारण सरळ आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे मंद्र ई, तारा नेहमीप्रमाणे जुळवलेल्या असताना साधारण ४१ हर्ट्‌झला वाजते. डिस्टॉर्शनने तिच्या पटींतले उपस्वर, म्हणजे ८२, १२४, १६५ हर्ट्‌झ आणि त्यावरचे बरेच काही, फुगून वर येतात. फोनच्या इवल्या स्पीकरला मुळातले ४१ हर्ट्‌झ झेपत नाहीत; दोन-तीनशेच्या खालचे तो जवळजवळ गाळूनच टाकतो. उरतात ते वरचे उपस्वर, आणि ते गिटारच्या पट्ट्यात पडतात. आपला मेंदू हरवलेला मूळ स्वर अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे सूर ओळखू येतो, पण वजन येत नाही. वजन गेले की या अल्बममध्ये उरतो तो खरोखरच आरडाओरडा. अर्धा तारा देणाऱ्यांपैकी किती जणांनी फोनच्या स्पीकरवर ऐकले असेल, अशी शंका घेतल्यावाचून राहवत नाही.

मत लिहिण्याआधी ऐकण्याची सोय एकदा तपासून घ्या. महागडे सामान लागत नाही. कान पूर्ण झाकणारा साधा वायरचा हेडफोन पुरतो. ‘बेस बूस्ट’ मात्र बंद ठेवा. तो ६० ते १०० हर्ट्‌झचा भाग फुगवतो, बेसड्रम आणि बेस गिटार यांचा एकच लगदा होतो आणि ७०० ते १,५०० हर्ट्‌झच्या आसपासची बेसची करवतीसारखी धार झाकली जाते. कसोटी एवढीच: बेसड्रमचा ठोका आणि बेसचा सूर एकाच वेळी पडतात तेव्हा दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांना खोली दगा देते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ४.२ मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ४१ हर्ट्‌झच्या जवळ अनुनाद तयार होतो, म्हणजे नेमका बेसच्या त्या जाड तारेवर. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तो एक सूर घुमत राहतो आणि वाटते की डन एकच पट्टी धरून बसला आहे. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर खड्ड्यात जातो आणि मिश्रण पोकळ वाटते. खुर्ची एका भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवा, बराच फरक पडेल. सबवूफर असेल तर त्याचा छेद (ज्याच्या खालचे स्वर त्याच्याकडे जातात तो बिंदू) ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवून त्याची पातळी आधी कमीच ठेवा. तो कुठे ठेवला आहे हे कानाला कळत असेल तर पातळी जास्त झाली म्हणून समजा.

आता सेटिंगकडे. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणे) बंद, शफल (क्रम विस्कटून वाजवणे) बंद. आवाजाची पातळी आपोआप सारखी करण्याची सोय सुरू असेल तर अल्बम क्रमाने वाजवा. बऱ्याच सेवा अल्बम सलग वाजत असताना संपूर्ण अल्बमची पातळी एकच धरतात, पण यादीत किंवा शफलमध्ये प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे ठरावीक पातळीवर आणतात; उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या पातळीचे एकक) हे त्यातले प्रचलित लक्ष्य. याचा फटका ‘सिक्स लिटनीज फॉर हेलिओगाबालुस’ला सर्वांत जास्त बसतो. त्यातली चौथी लिटनी (आळवणीसारखा भाग) पॅटनच्या एकट्या आवाजाची आहे, बाकी एकही वाद्य नाही, आणि ती चांगली आठेक मिनिटे चालते. बाजूला संपूर्ण ताफा आणि मध्ये एकटा माणूस, हा रचनेचा मुद्दा आहे. त्याला उचलून ताफ्याइतके मोठे केले की तो मुद्दाच संपतो. उरते ते आठ मिनिटांचे विचित्र आवाजांचे प्रदर्शन, आणि चाहते त्याच शब्दांत त्याची वासलात लावतात.

आवाज किती ठेवावा, हेही सांगून टाकू, कारण या संगीतात व्हॉल्यूमकडे हात सारखा जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. पातळी ठरवताना सर्वांत मोठी किंचाळी सुसह्य वाटेल तिथे थांबा आणि मग कुजबुजीसाठी नॉब फिरवू नका.

संचाबद्दल. ‘मूनचाइल्ड आवडले की नाही’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण सात अल्बमांवर एकच संच नाही. ‘मूनचाइल्ड: साँग्ज विदाउट वर्ड्‌स’ आणि ‘ॲस्ट्रोनोम’ (दोन्ही २००६) हे केवळ तिघांचे. पहिल्यात छोटे, तुटक ट्रॅक आहेत. दुसऱ्यात तीन अंक आहेत, तीन लांब ट्रॅकमध्ये. २००९ मध्ये नाटककार-दिग्दर्शक रिचर्ड फोरमन यांनी न्यूयॉर्कला आपल्या ऑन्टॉलॉजिकल-हिस्टेरिक थिएटरमध्ये त्याचा रंगमंचीय प्रयोगही केला. ‘सिक्स लिटनीज’मध्ये (२००७) झॉर्नचा आल्टो सॅक्सोफोन, इकुए मोरीचे इलेक्ट्रॉनिक्स, जेमी साफ्टचा ऑर्गन आणि स्त्रियांचे गायकवृंद आले. ‘द क्रूसिबल’वर (२००८) सॅक्सोफोन राहिला, वृंद गेला, आणि ‘नाइन बाय नाइन’ या ट्रॅकसाठी मार्क रिबोची गिटार आली. गिटार रिफ म्हणून नाचायचे असेल तर ते इथे नाचा. ‘इप्सिसिमस’मध्ये (२०१०) रिबोला बराच जास्त वाव मिळाला. ‘टेम्प्लर्स: इन सेक्रेड ब्लड’वर (२०१२) जॉन मेडेस्कीचा ऑर्गन आहे आणि पॅटनच्या तोंडी चक्क शब्द आहेत. ‘द लास्ट जजमेंट’ने (२०१४) मालिका मिटली, तिथेही मेडेस्की आहेच.

एवढा फरक असताना ‘मालिका चौथ्या अल्बमनंतर घसरली’ असे एका ओळीत म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. घसरले काय? बेसची जागा ऑर्गनने खाल्ली म्हणून धार गेली का? शब्द आले म्हणून गूढ कमी झाले का? की चार अल्बमांनंतर तुम्ही स्वतःच धक्क्याला सरावलात? हे तीन वेगळे आक्षेप आहेत. पहिल्यात आम्हालाही तथ्य वाटते. ऑर्गनचे लांब धरलेले स्वर नेमके त्या मधल्या पट्ट्यात पसरतात जिथे डनची करवत चालते, आणि ‘टेम्प्लर्स’मध्ये ती काही ठिकाणी मागे पडते. दुसरा आक्षेप आम्हाला मान्य नाही. शब्दांमुळे पॅटनला लांब वाक्ये मिळाली आणि त्याची कुजबुज पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलल्यासारखी वाटते. तिसऱ्या आक्षेपाला अल्बम जबाबदार नाही.

‘द क्रूसिबल’चे कौतुक करतानाही नेमके व्हा. तो सगळ्यांना आवडतो, कारण सॅक्सोफोनमुळे धरायला सुरावट मिळते. झॉर्न आणि बॅरन १९९३ पासून मसादा या चौकडीत एकत्र वाजवत आले आहेत, आणि सॅक्सोफोन व ड्रम्स एकमेकांना जे प्रश्न-उत्तर देतात त्यात ती जुनी ओळख ऐकू येते. बॅरन हा मुळात जॅझचा ड्रमर आहे. मेटलच्या सवयीने ऐकणारे त्याच्यावर ‘वेग कमी पडतो’ असा शेरा मारतात. तो शेरा देण्याआधी स्नेअरवरचे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके आणि राइड झांजेवर सतत बदलत राहणारा जोर ऐका. बेस ठोकळ्यासारखा तसाच असताना ठेका खालून हलतो, तो तिथून. जॅझ-मेटल या जोडनावातला जॅझ सॅक्सोफोनमध्ये शोधणाऱ्यांना पहिल्या दोन अल्बमांत तो सापडत नाही याचे कारण हेच: तो ड्रम्समध्ये आहे.

नव्या माणसाला ‘ॲस्ट्रोनोम’पासून सुरुवात करायला सांगणे बंद करा, अशी आमची कळकळीची विनंती. ‘हे पचले तर सगळे पचेल’ हा त्यामागचा युक्तिवाद असतो. प्रत्यक्षात तीन लांब अंकांत ठोकळे अचानक तुटतात, खूप वेळ जवळजवळ काहीच घडत नाही, मग भिंत कोसळते. आधी छोट्या ट्रॅकमध्ये या तिघांची भाषा कळलेली नसेल तर त्या शांत जागा कंटाळवाण्या वाटतात आणि माणूस पुढे सरकवत ऐकतो. पुढे सरकवून ऐकलेला ‘ॲस्ट्रोनोम’ म्हणजे ताण काढून घेतलेला ‘ॲस्ट्रोनोम’. आमचा क्रम असा: ‘द क्रूसिबल’, मग पहिला ‘मूनचाइल्ड’, मग ‘ॲस्ट्रोनोम’ एका बैठकीत, मग ‘सिक्स लिटनीज’. पुढचे तीन प्रकाशनाच्या क्रमाने. ज्यांना गिटार हवीच आहे त्यांनी ‘इप्सिसिमस’ दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा, काही बिघडत नाही. एका दिवसात दोन अल्बम मात्र नकोत; कान थकले की आधी वरचे स्वर बोथट होतात आणि दुसरा अल्बम विनाकारण मार खातो.

आणखी एक गल्लत. मेडेस्कीचे नाव दिसले की काही जण ‘सिम्युलाक्रम’चे अल्बम याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून मोजतात. तो वेगळा संच आहे: ऑर्गनवर मेडेस्की, गिटारवर मॅट हॉलेनबर्ग, ड्रम्सवर केनी ग्रोहोव्स्की. पहिला अल्बम २०१५चा, त्याच वर्षी आणखी दोन, आणि पुढे ‘बॅफोमेट’ (२०२०) हा एकाच लांब ट्रॅकचा, तर ‘स्पिनोझा’ (२०२२) दोन लांब ट्रॅकचा. ग्रोहोव्स्की मेटलही वाजवणारा ड्रमर आहे, त्यामुळे ज्यांना बॅरन मवाळ वाटतो त्यांचे समाधान इथे होईल. काही अल्बमांवर पाहुणा म्हणून डन येतो. एरवी खालचे स्वर ऑर्गनवरूनच मिळतात. म्हणून ‘बेस कमी आहे’ हा आक्षेप घेताना तो अल्बम कुठला, हे लिहाच. तसेच नेकेड सिटी आणि पेनकिलर हे झॉर्नचे आधीचे बँड. नेकेड सिटीच्या ‘टॉर्चर गार्डन’मध्ये (१९९०) ४२ चिमुकले तुकडे आहेत, तर ‘लेंग चे’ (१९९२) हा अर्ध्या तासाचा एकच संथ तुकडा. ‘झॉर्न पूर्वी थोडक्यात सांगायचा, आता लांबण लावतो’ असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात.

तारे द्यायचे तर द्या. फक्त त्याखाली चार ओळी असू द्या. उदाहरणार्थ: ‘सिक्स लिटनीज. हेडफोनवर, सलग, दोनदा ऐकला. वृंद आणि ताफा एकत्र येतात तिथे मिश्रण गच्च होते, स्त्रियांचे आवाज झांजांखाली दबतात. चौथी लिटनी दुसऱ्या वेळी निम्म्या लांबीची वाटली, कारण तिच्यातले श्वासांचे गट मोजता आले. इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात कमी आवडले. काढून टाकले तरी चालले असते.’ हे मत आम्हाला पटणार नाही. इकुए मोरीचे ते बारीक खडखडणारे आवाज काढले तर वृंद आणि बेस यांच्यातली दरी उघडी पडेल, असे आम्ही भांडून सांगू. पण भांडायला काहीतरी हातात असेल. ‘पाचपैकी दोन, ओव्हररेटेड’ याच्याशी भांडणार कसे?

आधी दिलेले तारे बदलायची गरज नाही. ते कशावर ऐकून दिले होते, एवढे शेजारी लिहिलेत तरी चालेल. आणि पहिल्या अल्बमच्या नावापुढे कुठे ‘गिटार’ लिहिलेले दिसले तर तेवढे खोडून ‘बेस’ करा.

आपले,
मालिकेचे काही जुने श्रोते